पाहुण्यांचं हुमान

…आणि वर मलाच म्हणतात, "गुरुजी, तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसा!" माझ्या वर्गात! माझ्याच शाळेत! तेवीस वर्षं मास्तरकी केली, ज्या भिंतीकडं तोंड करून मी पोरांना उभं केलं, त्याच भिंतीकडं आता मी बसायचं, तेही पोरांच्या देखत! पोरं हसली नाहीत हो, तेवढं वळण लावलंय मी त्यांना, पण त्यांचे चेहरे बघायला पाहिजे होते तुम्ही! मला नाही दिसले. मी भिंतीकडं होतो.

तसं मी आधीच म्हणणार होतो, की साहेब, मी समोर असलो म्हणजे पोरं बोलतात, पाठ केली की बावरतात… पण मला कोण विचारतंय?

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो. मी रंगनाथ मास्तर. पाथर्डीहून जी यष्टी निघते ती जिथनं मागं फिरते ना, तिथनं पुढं दीड कोस पायी, असं आमचं गाव. शाळा पहिली ते सातवी, आणि पाचवीपासून इंग्रजी, ते माझ्याकडं. मला स्वतःला इंग्रजी कितपत येतं हा विषय आत्ता काढू नका. त्यावर येणारच आहे मी, माझी सुटका नाही त्यातनं.

तर झालं काय, श्रावणात तालुक्याहून कागद आला. पाचवी, सहावी, सातवी मिळून आमची पोरं एकतीस. एवढ्याशा पोरांसाठी वरचे वर्ग ठेवायचे का नाही? त्याचा निकाल कोण लावणार? तर पुण्याहून तीन विद्वान येणार, खेड्यातली पोरं दुसरी भाषा कशी शिकतात याचा ते अभ्यास करणार, आणि ते म्हणाले शिकतात तर वर्ग राहणार, ते म्हणाले शिकत नाहीत तर वर्ग बंद, पोरांनी पाथर्डीला जायचं! आता बोला! रोज सात मैल जायला अन् सात मैल यायला कोण जाईल? पोरगे जातील एखाद-दोन. पोरी?

आमची चांगुणा आहे ना, सहावीतली, पुंजारामाची थोरली. अशी चलाख पोरगी, पण दर साल दसरा झाला की आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची, फडावरच्या पाचटाच्या कोपीत बसून धाकट्या भावाला सांभाळायची, आणि होळीला परत यायची तेव्हा वर्ग पार पुढं गेलेला. यंदा मी पुंजारामाच्या हातापाया पडलो, म्हटलं बाबा, एवढं साल राहू दे तिला आजीपाशी. तर तो म्हणाला, "शाळा ऱ्हायली तर ऱ्हाऊ द्या, गुर्जी. न्हाई ऱ्हायली तर दसऱ्याला नेतो मी तिला. हितं नुसतं बसून काय करायची पोर?" आणि खोटं काय बोलला हो तो? म्हणजे सगळं त्या तीन विद्वानांवर आलं.

आले! भादव्यात आले. दोघं दीड कोस चालून आले, मागं बैलगाडीत त्यांचं सामान, त्यात एक ध्वनिमुद्रणाचं यंत्र, ते मांडीवर घेऊन तिघांतल्या बाई गाडीत बसलेल्या. माणसं तीन आणि शास्त्रंही तीन! बाई भाषेच्या शास्त्रातल्या, एक साहेब मनाच्या शास्त्रातले, आणि दुसरे साहेब आकड्यांच्या शास्त्रातले. नावं मोठमोठी होती, पण गावानं दुपारच्या आत नवी ठेवली: बोलीबाई, मनसाहेब आणि आकडेसाहेब. बोलीबाई मला म्हणाल्या, "गुरुजी, हा नवा प्रयोग आहे बरं का. प्रश्न एक आणि शास्त्रं तीन. आम्ही सगळं एकत्र मिळून करतो." म्हटलं वा! एकत्र? अहो, चहासुद्धा एकत्र नव्हता त्यांचा! मनसाहेबांना बिनसाखरेचा, आकडेसाहेबांना बिनदुधाचा, आणि बोलीबाईंना चहाच नको, ताक! त्यांचं रांधायला मी चांगुणाच्या आजीला, आक्काबाईला सांगितलं होतं, ती चुलीपुढं बसून विचारते, "गुर्जी, ही तिघं एका घरची न्हाईत व्हय?"

आणि भांडण कशावरनं? तर चुकीवरनं! एका पोरानं पाटीवर लिहिलं, 'ही गो स्कूल'. मी आपला सवयीनं छडीकडं हात नेला. तर बोलीबाई धावल्या, "गुरुजी, थांबा! चूक म्हणू नका याला! हे त्याच्या मनातलं व्याकरण आहे, फार मोलाचं आहे हे!" आणि चक्क वहीत उतरवून घेतलं. मनसाहेब म्हणाले, "व्याकरण कसलं? हा ताण आहे. पोरगा घाबरलाय." आकडेसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "मोलाचं असो नाहीतर घाबरलेलं असो, माझ्या कोष्टकात ते शून्य." आता बोला! तेवीस वर्षं मी ज्याला छडी दिली ते एकाचं मोल, एकाचा ताण, आणि एकाचं शून्य! आणि पोरगा बिचारा तिघांकडं बघतोय, की मार बसणार आहे का नाही तेवढं तरी सांगा!

मग प्रश्न आला माझा. परीक्षेच्या वेळी मास्तरानं काय करायचं? बोलीबाई म्हणाल्या, "गुरुजींनी हसतमुखानं समोर बसावं, म्हणजे मुलं मोकळी बोलतील." मनसाहेब म्हणाले, "छे छे, गुरुजी म्हणजेच भीती, त्यांना गावाबाहेर पाठवा." आकडेसाहेब म्हणाले, "समोर नको, बाहेर नको, एकतीस पोरांना एकतीस वेळा सगळं सारखं पाहिजे, गुरुजी खोलीत असावेत पण नसल्यासारखे." तासभर वाद घातला तिघांनी, आणि त्यातनं जे निघालं ते भिंतीकडं तोंड! त्यांच्या एकत्र मिळून करण्यातनं दोन दिवसांत एवढीच एक गोष्ट निघाली बघा. मी तिथंच होतो, मला जीभ होती… पण मला कोण विचारतंय?

तर बसलो. एकेक पोर आत. स्टुलावर बसवायचं. यंत्र चालू, ते घुर्रर्र करतंय. आकडेसाहेबांच्या हातात गाईचं चित्र, हे एवढं मोठं, रंगीत. आणि मला मागनं ऐकू येतंय, "व्हॉट इज धिस?"

गप्प.

"व्हॉट… इज… धिस?"

गप्प. बाहेर शेळी ओरडली, ती तेवढी यंत्रात आली.

"थँक यू. नेक्स्ट!"

तुम्हाला सांगतो, पहिलं पोर गप्प बसलं तेव्हा वाटलं, बावरलं. दुसरं बसलं, म्हटलं, असू दे. पण तिसरं, चौथं, दहावं? अहो गाय! पहिल्याच धड्यात गाय! 'काऊ' म्हणून रस्त्यानं गुरांना हाका मारतात आमची पोरं! मग चांगुणा आली. पावलावरनं ओळखलं मी तिला. म्हटलं, ही सांगणार! "व्हॉट इज धिस?" …गप्प! माझ्या पाठीला घाम सुटला हो. भिंतीवरचा पोपडा कुठं निघालाय, मुंगी कुठनं कुठं जाते, सगळं पाठ झालं मला, पण मागं काय चाललंय कळेना. एकतीस पोरं, एकतीस वेळा गप्प. दुसऱ्या दिवशी घोडा आणला, छत्री आणली, आंबा आणला… पुन्हा एकतीस वेळा गप्प!

आणि विद्वान? खुशीत! बोलीबाई म्हणाल्या, "मौन हा शिकण्याचा टप्पाच असतो, मूल आधी आत साठवतं." मनसाहेब म्हणाले, "ही भीती आहे, शुद्ध भीती," आणि माझ्या पाठीकडं बघितलं असणार त्यांनी, मला जाणवलं ते. आणि आकडेसाहेब तर काय, वहीवर हात फिरवत म्हणतात, "एकतीसपैकी एकतीस शून्य! दोन्ही दिवस! इतका स्वच्छ निकाल मी जन्मात पाहिला नाही!" अहो, स्वच्छ निकाल तुमचा, आणि दसऱ्याला चांगुणा चालली की कोपीत! मी हात जोडून म्हणालो, "साहेब, पोरांना येतं." तर ते गोड हसून म्हणाले, "गुरुजी, तुम्हाला तसं वाटणारच." झालं!

रात्री भाकरी गेली नाही मला. पोरांना विचारावं म्हटलं, तर आकडेसाहेबांचा हुकूम, काम संपेपर्यंत परीक्षेबद्दल पोरांशी एक अक्षर बोलायचं नाही. पाळला हो मी हुकूम. मास्तर आहे ना मी, हुकूम आला की पाळतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघाले. गाडी पुंजारामाची, शाळेपुढच्या लिंबाखाली जुंपलेली, यंत्र चढवलं, बोलीबाई चढल्या, मी सगळ्यांना नमस्कार करतोय. तेवढ्यात आक्काबाई आली, हात तसेच पिठाचे, आणि थेट बैलांपुढं उभी! मागं एकतीसच्या एकतीस पोरं!

"पाव्हणं, कुटं चालला?"

"झालं आमचं काम, आजी."

"तुमचं झालं. पोरांची पाळी ऱ्हायली की!"

"कसली पाळी?"

"आवो, कसली म्हंजे? तुमी दोन दिस हुमानं घातली. पोरांनी तुमचा मान राखला, एक हुमान फोडलं न्हाई. आन् आता त्यांची पाळी आली तर तुमी निघाला व्हय? ही कुटली रीत, वं?"

आता तुम्हाला हुमान ठाऊक आहे का? हुमान म्हणजे कोडं हो. आमच्याकडं जेवणं झाली की ओट्यावर हुमानं घालतात, आणि पाहुणा आला असला तर त्याला पहिला मान. त्याचं हुमान पहिल्या फेरीत फोडायचं नाही! ठाऊक असलं तरी मान खाली घालून बसायचं. आल्या आल्या पाहुण्याला हरवायचं, हे बरं दिसतं का? मग पाळी घरच्यांची, मग खरा खेळ! ही आमच्या गावची रीत, आणि मी त्याच गावचा, आणि दोन दिवस भिंतीकडं बघत बसलो तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही!

आणि आता खरं सांगतो, कुणाला बोलू नका. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी पोरांना दम कुणी दिला होता? मी! "पाहुणे येणार आहेत. पाहुण्यांचा मान राखायचा. आगाऊपणा केला तर याद राखा!" पोरांनी राखला की मान! चांगुणा मला म्हणाली, "गुर्जी, गाय हातात धरून इचारत्यात, ह्ये काय! एवढं सोपं हुमान! फोडलं आसतं तर सायबाला किती वाईट वाटलं आसतं!"

अहो, दया आली होती पोरांना! ते तिघं ज्याला भीती म्हणत होते, साठवण म्हणत होते, शून्य म्हणत होते, ती दया होती!

बोलीबाई गाडीतनं उडीच मारून उतरल्या. "यंत्र काढा! यंत्र काढा!" मनसाहेब तिथंच दगडावर बसले. आकडेसाहेब तेवढे म्हणत होते, "पण हे ठरलेलं नाही, प्रश्न मुलांनी विचारला तर तो मी कुठल्या रकान्यात लिहू?" आक्काबाई म्हणाली, "तुमी हिकडं बसा," आणि त्यांना धरून लिंबाखाली बसवलं. आणि पोरांनी आपणच ठरवलं, की पाहुण्यांनी इंग्रजीत हुमान घातलं तर आपणही इंग्रजीतच घालायचं, नाहीतर बरोबरी कशी होणार?

पहिला उठला पाचवीतला गहिनीनाथ. छाती काढून म्हणतो, "फोर लेग. टू हॉर्न. मिल्क, नो! वर्क, यस! माय फादर बिहाइंड, शाऊट, शाऊट!"

आकडेसाहेब ताडकन उठले, "बुलक! बुलक!" आणि टाळी मागितली हो, गहिनीनाथाकडं! त्यांच्या तोंडावर असा आनंद, की म्हटलं या माणसाला लहानपणी कुणी हुमान घातलंच नसेल. मग काय विचारता! एकामागनं एक, पोरं एकमेकांना ढकलतायत, "मी सर, मी सर!" पाट्यावरवंट्याचं झालं, मोटेचं झालं, मारुतीच्या शेंदराचंसुद्धा एकानं केलं! व्याकरणाचा पार चुराडा, एक वाक्य धड नाही, माझा हात छडीसाठी शिवशिवतोय, आणि तरी प्रत्येक हुमान पाहुण्यांना कळतंय! हे कसं होतं, मला सांगा?

मग उठली चांगुणा. हात मागं बांधले. हळूच म्हणाली, "सन नॉट कम. इट गो, मदर हँड. ऑल डे इट ईट शुगरकेन. बट इट नॉट फॅट. एव्हरी डे थिन, मोअर थिन."

मनसाहेब म्हणाले, "गोट?"

"नो सर. गोट फॅट."

आकडेसाहेब म्हणाले, "शुगर फॅक्टरी!"

"नो सर! फॅक्टरी नॉट थिन!" पोरं अशी हसली! पुंजाराम, ज्याला इंग्रजीचं ओ का ठो कळत नाही, तोसुद्धा हसला.

बोलीबाई म्हणाल्या, "बुलक?"

"नो मॅडम. आय टेल, मदर हँड!"

हरले. तिन्ही शास्त्रं हरली. चांगुणा गाडीपाशी गेली, साटीच्या फळ्यांखाली हात घातला, आणि तिच्या आईचा कोयता काढून आणला. गेल्या साली ऊस तोडलेला. पाती घासून घासून निम्मी राहिलेली. तो तिनं आकडेसाहेबांच्या हातात दिला. आता ते तिघं गप्प. चांगले गप्प होते, आणि त्या गप्प बसण्याला कुणी काही नाव दिलं नाही.

आक्काबाईनं त्यांना सांगितलं, "हरल्यालानं मागंल ते द्यायचं आसतं, सायेब."

"माग बाळ," मनसाहेब म्हणाले.

चांगुणानं एकदा बापाकडं बघितलं, एकदा शाळेकडं. मग म्हणाली, "यू गो, सर. क्लास नॉट गो."

तुम्हाला सांगतो, मी आपण होऊन शाळेच्या भिंतीकडं तोंड केलं. डोळ्याला पाणी आलं हो. तेवीस वर्षांत माझ्या शिकवण्यातनं काही निघालं असेल तर ते हे, पाच-सहा मोडके शब्द, आणि एकाही वाक्यात क्रियापद जाग्यावर नाही! कसला आनंद झाला मला, काय सांगू!

पुढं त्यांनी अहवाल लिहिला. एकत्र लिहायचा होता, पण तीन पानांवर तीन वेगळे निकाल. बोलीबाई म्हणतात, पोरांच्या मनात व्याकरण आहे. मनसाहेब म्हणतात, पोरांच्या मनात भीती नाही. आकडेसाहेब म्हणतात, आकडे पुन्हा घ्यावे लागतील. पण शेवटची ओळ तिघांची एकच: वर्ग चालू ठेवावेत. दसऱ्याच्या आधी कागद आला. दसऱ्याला पुंजारामाची गाडी कारखान्याला गेली, आणि चांगुणा वेशीपर्यंत जाऊन परत आली, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर! अहवालात आक्काबाईचं नाव आहे, एकतीस पोरांची आहेत, पुंजारामाच्या बैलांचे आभार आहेत. माझं? 'स्थानिक शिक्षक भिंतीकडं तोंड करून उपस्थित होते.' बरं, असू दे. वर्ग राहिले ना, मग काय पाहिजे? तसंही मला कोण विचारतंय!

तर परवा, संक्रांत झाल्यावर, तिघं पुन्हा आले. नवा अभ्यास. मी ताकाची, बिनसाखरेची सगळी व्यवस्था ठेवली, आणि स्वतः होऊन भिंतीकडं जाऊन बसलो. तर आकडेसाहेब म्हणाले, "नाही नाही गुरुजी, इकडं या. या स्टुलावर. मागच्या वेळी तुम्हाला विचारायचंच राहिलं. यंदा आम्ही शिक्षकांना विचारणार आहोत."

यंत्र चालू. घुर्रर्र. खिडकीत एकतीस डोकी. आणि साहेबांनी चित्र वर केलं… पाभर! तीन फणांची, पेरायची पाभर!

"व्हॉट इज धिस?"

अहो, आमचे सात पिढ्यांचे हात त्या पाभरीवर गेले! पण धड्यात गाय आहे, घोडा आहे, छत्री आहे, पाभर कुठं आहे? इंग्रज काय पेरत नसतील? काही आठवेना. बोलीबाई आशेनं बघतायत, मनसाहेब माझी भीती टिपून घेतायत. शेवटी पोरांनी केलं तेच मीही केलं, मान खाली घातली.

खिडकीतनं चांगुणा ओरडली, "सायेब, पयली फेरी हाय! गुर्जी तुमचा मान राखत्यात!"

पोरीनं वाचवलं हो मला! पण आकडेसाहेब आता आमच्या गावात मुरलेत. त्यांनी शून्य मांडलं नाही, रकाना मोकळा ठेवला, आणि हसत म्हणाले, "मान पावला, गुरुजी. दुसऱ्या फेरीला होळीनंतर येतो."

तेव्हा, तुम्ही एवढी शिकलेली माणसं बसलाय म्हणून म्हणतो… पाभरीला इंग्रजीत काय म्हणतात हो? इतके दिवस तक्रार करत होतो, मला कोण विचारतंय, मला कोण विचारतंय… आता त्यांनी विचारलंय, आणि मी गावोगाव विचारत फिरतोय.